मदत हवी आहे: स्क्रीन रीडरवर मराठी धडे नीट वाचले जात नाहीत

नमस्कार मंडळी. शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स बनवतेय आणि पहिल्याच धड्यात तोंडघशी पडले. एका अंध सरांनी तो धडा एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून मला फोनवर ऐकवला. 'विद्यार्थी' ऐकू यायच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खडखडाट! मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकी क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. डोळ्यांना देवनागरी दिसते, यंत्राला भलतंच. (सर हसत होते, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.)

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरून पाहिला. पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. दीडशे पानं हाताने तपासायची म्हणजे दिवाळी उजाडेल. यावर कुणी बरा मार्ग काढलाय का? काही पानं तर स्कॅन केलेली आहेत. मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं तंत्र) कितपत भरवशाचं?

शिवाय चाचणीत 'ओढून जोड्या लावा' आहे. सरांना कीबोर्डवरून ते जमेना. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्येही (वेबवरचा मजकूर अपंगांनाही वापरता यावा यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) ओढण्याला पर्याय द्या असंच म्हटलंय. मूडलमध्ये (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) त्याऐवजी ड्रॉपडाउनच्या जोड्या दिल्या तर चालतील ना? स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.