मदत हवी आहे: ईआर एका कडेला तपकिरी, बाकी सगळं निळं (रिट्रीव्हल वाढवू का?)

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एच अँड ई (रोजचं गुलाबी-निळं रंगकाम) करून हात बसलाय, पण आयएचसी (अँटिबॉडीने पेशीतलं ठरावीक प्रथिन रंगवणं; तपकिरी म्हणजे पॉझिटिव्ह, निळं म्हणजे निगेटिव्ह) गेल्या दिवाळीपासूनच सुरू केलंय, तेही स्तनाच्या गाठींवर ईआर-पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोनचे रिसेप्टर) एवढंच. आतापर्यंत बरं चाललं होतं. या केसने मात्र जीव खाल्लाय.

मॅस्टेक्टॉमीचा (काढलेल्या स्तनाचा) नमुना, गाठ ४ सेंटीमीटरची. ४ मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप), ६० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये. रिट्रीव्हल (सेक्शन उकळून प्रथिन अँटिबॉडीसाठी मोकळं करणं) सायट्रेट बफरमध्ये, पीएच ६. कुकर घरगुतीच (हसू नका, लॅबसाठी वेगळा घेतलाय), ३ शिट्ट्या, मग २० मिनिटं गार. पुढे पेरॉक्साइड, अँटिबॉडी, डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) नेहमीसारखं.

स्लाइड पाहिली तर शाई लावलेल्या मार्जिनकडच्या (नमुन्याच्या बाहेरच्या) कडेला न्यूक्लियस सुरेख तपकिरी आणि आत जाईल तसं फिकट होत होत साफ निळं. त्याच स्लाइडवर लावलेला गर्भाशयमुखाचा कंट्रोल (तपकिरी व्हायलाच हवा असा पडताळणीचा तुकडा) मात्र झकास. मग ट्रिस-ईडीटीए, पीएच ९ घेऊन ५ शिट्ट्या केल्या. चरबीकडचा अर्धा सेक्शन बफरमध्ये तरंगताना दिसला, उरलेला पुन्हा निळाच.

अजून वेळ वाढवू का? की एन्झाइम वापरून पाहू? सर उद्या रिपोर्ट काढतील. चुकून निगेटिव्ह गेला तर त्या बाईंना टॅमॉक्सिफेन (ईआर पॉझिटिव्ह असल्यास देतात ते औषध) मिळायचं नाही, म्हणून झोप लागत नाहीये.

प्रतिसाद १

ताई, आधी ती शिट्टी सोडा. शिट्टी हे वेळेचं माप नाही. गॅस मोठा असला, रिंग जुनी झाली की तिचा हिशेब बदलतो. प्रेशर पूर्ण धरलं की घड्याळ लावा आणि दर वेळी तेवढीच मिनिटं ठेवा. बफर आधी उकळू द्या, स्लाइड नंतर सोडा. गार करतानाही स्लाइड बफरमध्येच हव्यात, सेक्शन वाळला की संपलं.

सेक्शन सुटतोय म्हणजे स्लाइड कुठल्या? पीएच ९ चा ईडीटीए चरबीवाल्या सेक्शनला तसाही उचलतो.

धागाकर्ती

खरं सांगते, चार्ज्ड स्लाइडचा (सेक्शन घट्ट धरून ठेवणाऱ्या) डबा संपला होता. दुसऱ्या वेळी अल्ब्युमिन लावलेल्या साध्या स्लाइड वापरल्या. 🙈

प्रतिसाद १

मग तरंगणारच की! अल्ब्युमिन एच अँड ईपुरतं ठीक. उकळत्या बफरमध्ये ते टिकत नाही.

प्रतिसाद २

मी पॅथॉलॉजीत आहे. कुकरचं ठीक, पण मला वेगळीच शंका येतेय. त्याच स्लाइडवर कंट्रोल लागलाय, म्हणजे बफर, अँटिबॉडी, डीएबी सगळं चाललंय. दोष त्या ऊतीत आहे. दोन गोष्टी बघून सांगा. निळ्या भागात एखादी नॉर्मल डक्ट (दूधनळी) आहे का, आणि तीही निळी आहे का? आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) कापून टाकला होता की अख्खा?

फॉर्मॅलिन बाहेरून आत मुरतं, तासाला ढोबळमानाने १ मिलिमीटर, खोल जाईल तसं आणखी हळू. ६ ते ७२ तासांचा नियम आपण पाठ म्हणतो, पण तो कापलेल्या नमुन्याला लागू. अख्ख्या स्तनात मधली गाठ तोवर कच्चीच राहते आणि तिला पुढे प्रोसेसरमधलं (ऊतीतलं पाणी काढणाऱ्या यंत्रातलं) अल्कोहोल गाठतं. रिट्रीव्हल म्हणजे फॉर्मॅलिनने प्रथिनांत घातलेल्या गाठी उष्णतेने सोडवणं. १९९१ मध्ये शी यांनी मायक्रोवेव्हने तेच दाखवलं. जिथे अँटिजेनच (रंगवायचं प्रथिनच) वाया गेलंय तिथे कितीही शिजवा, हाती काय येणार? एन्झाइमच्या नादी तर लागूच नका, ईआरचा तो मार्ग नाही.

धागाकर्ती

आत्ताच पाहिलं. निळ्या भागात दोन नॉर्मल डक्ट आहेत, दोन्ही निळ्याशार. कडेच्या डक्टमध्ये मात्र तपकिरी ठिपके आहेत. आणि नमुना शनिवारी दुपारी आला होता, अख्खा, बरणीत कोंबलेला, वर फॉर्मॅलिन जेमतेम बोटभर. ग्रॉसिंग (नमुना कापून तुकडे घेणं) सोमवारी झालं.

प्रतिसाद २

झालं तर. नॉर्मल डक्टमध्ये थोडा तरी ईआर असतोच; तीच लागली नाही तर त्या भागाला निगेटिव्ह म्हणता येत नाही. सरांना हेच दाखवा. ऑपरेशनआधी ट्रूकट (जाड सुईने बायोप्सी) झाली असेल ना? तिचा ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) काढा. बारीक तुकडे असतात, फॉर्मॅलिन आरपार जातं.

धागाकर्ती

ट्रूकटचा ब्लॉक मिळाला, चार्ज्ड स्लाइडही उसन्या आणल्या. पीएच ९, या वेळी घड्याळ लावून. सेक्शन जागचा हलला नाही आणि जवळजवळ सगळे न्यूक्लियस गडद तपकिरी! सरांनी ईआर पॉझिटिव्ह दिला आणि ट्रूकटवर केल्याचं रिपोर्टात लिहिलं. दोघांचेही मनापासून आभार.

ओटीच्या सिस्टरांना सांगून ठेवलंय, शनिवार असो की रविवार, स्तन आला की मला फोन करा. येऊन शाई लावते, काप देते आणि मोठ्या बादलीत टाकते.