करंट दोन्ही बाजूंना सारखाच दिसतोय, मग एलईडी नक्की खातो काय?

पहिलं_सर्किट
मंडळी, प्रश्न अगदीच बेसिक आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतो. ब्रेडबोर्डवर ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि एक लाल एलईडी, एवढंच सर्किट जोडलंय. एलईडी व्यवस्थित लागतो. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून आधी बॅटरीचा प्लस आणि रेझिस्टर यांच्या मधे लावला तर १५.२ आला, मग एलईडी आणि मायनस यांच्या मधे लावला तर तिथेही १५.२च. मला वाटलेलं थोडा करंट रेझिस्टर खाईल, थोडा एलईडी खाईल आणि उरलासुरला मायनसला परत जाईल. इथे तर काहीच कमी झालेलं नाही, मग बॅटरी संपते कशी?

दुसरं म्हणजे बॅटरीवर ९ व्होल्ट लिहिलंय, पण किती अँपिअर ते कुठेच लिहिलेलं नाही. मग १५ मिलिअँपिअरच का आला, हे ठरवतं कोण?

आणि तिसरं, रेझिस्टर एलईडीच्या आधी लावलाय म्हणून एलईडी वाचतोय का? नंतर लावला तर करंट आधी एलईडीत घुसून तो उडणार ना?

तारजोड
प्रश्न बेसिक आहे म्हणून लाजू नका, हे मोजून बघितलंत तेच भारी केलंत, बरेच जण सूत्र पाठ करतात आणि मीटर लावतच नाहीत.

करंट खाल्ला जात नाही. सायकलची चेन डोळ्यांसमोर आणा. पायडलजवळ चेनच्या जेवढ्या कड्या सेकंदाला पुढे सरकतात तेवढ्याच मागच्या चाकापाशी सरकतात, चाकाने कड्या खाल्ल्या असं कधी होत नाही, तरी तुमच्या पायाची ताकद चाकापर्यंत पोचते आणि चाक फिरतं. सर्किटमधे इलेक्ट्रॉन म्हणजे त्या कड्या, बॅटरी म्हणजे पाय. इलेक्ट्रॉन जेवढे निघाले तेवढेच परत येतात, वाटेत उतरते ती ऊर्जा. बॅटरी संपते म्हणजे तिच्यातले इलेक्ट्रॉन संपत नाहीत, ज्या रासायनिक क्रियेतून ती ढकलायची ऊर्जा मिळते त्या क्रियेचा माल संपतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. चेन कुठेही अडकली तरी सगळीच हळू होते, तसं रेझिस्टर आधी असो वा नंतर, एका रांगेत असला की सगळ्या रांगेचा करंट तोच ठरवतो. अदलाबदल करून मोजा, आकडा तोच येईल. "करंट आधी घुसेल" हा विचार मात्र सोडून द्या. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर वाहत असताना इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढेही सरकत नाहीत, तासाला जेमतेम पाव मीटर. १५ मिलिअँपिअरला तर त्याहून कितीतरी कमी. तरी एलईडी लगेच लागतो कारण तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच ठासून भरलेले असतात आणि ढकलण्याचा परिणाम प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पुढे जातो, त्यामुळे अख्खं सर्किट जवळजवळ एकदमच चालू होतं.

ओहमवाला
वरचं बरोबर आहे, आता खातो काय ते मीटरवरच बघा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या, लाल प्रोबची पिन अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घाला (हे विसरायचं नाही), सर्किट कुठेही न तोडता आधी रेझिस्टरच्या दोन टोकांवर प्रोब टेकवा, मग एलईडीच्या, मग बॅटरीच्या. तिन्ही आकडे इथे टाका, मग बोलू.

पहिलं_सर्किट
रेझिस्टरवर ७.२, एलईडीवर १.९, बॅटरीवर ९.१. म्हणजे ७.२ + १.९ = ९.१, बरोबर बेरीज!! आणि रेझिस्टर एलईडीच्या नंतर लावूनही बघितला, करंट तोच १५.२.

ओहमवाला
हीच ती बेरीज जी किरखॉफने १८४५ मधे नियम म्हणून मांडली, तेव्हा तो विद्यार्थीच होता. बॅटरीने जेवढे व्होल्ट दिले तेवढे बंद वाटेवर कुठे ना कुठे पडलेच पाहिजेत. व्होल्ट नेहमी दोन ठिकाणांमधला फरक असतो, म्हणून व्होल्ट मोजताना दोन प्रोब दोन टोकांवर लागतात आणि "या पॉइंटला किती व्होल्ट" याला दुसरा पॉइंट सांगितल्याशिवाय अर्थ नाही. करंट मात्र तारेतून जाणारी गोष्ट आहे, म्हणून तो मोजायला तार सोडवून मीटर मधे घालावा लागतो.

आता ओहमचा नियम, १८२७ चा: व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर. रेझिस्टरवर ७.२ व्होल्ट, ४७० ओहम, भागाकार करा, ०.०१५३ अँपिअर म्हणजे १५.३ मिलिअँपिअर. मीटरने १५.२ दाखवला, आणि रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असेल तर तो ५ टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे जुळलंच.

आणि खाण्याचं गणित असं: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. रेझिस्टर ७.२ × ०.०१५२ म्हणजे साधारण ११० मिलिवॉट, एलईडी १.९ × ०.०१५२ म्हणजे साधारण २९ मिलिवॉट. बॅटरीतून जे निघतं त्यातलं पाचात चार भाग रेझिस्टरमधे नुसती उष्णता होऊन जातं. पाव वॉटचा रेझिस्टर २५० मिलिवॉट झेलतो त्यामुळे त्याला धोका नाही.

पहिलं_सर्किट
बापरे, म्हणजे उजेडासाठी म्हणून बॅटरी लावली आणि बहुतेक सगळं रेझिस्टरच खातोय! मग रेझिस्टर काढूनच टाकला तर? एलईडीला १.९च लागतात तर तो तेवढेच घेईल ना?

बेंच_सप्लाय
नका काढू, आणि "घेईल तेवढेच" हा समज इथेच मोडू. तुमचा दुसरा प्रश्नही यातच सुटतो.

बॅटरी करंट ठरवत नाही, ती आपल्या दोन टोकांमधला फरक ९ व्होल्टच्या आसपास धरून ठेवायचा प्रयत्न करते. किती वाहणार हे बाहेर जोडलेल्या गोष्टी ठरवतात. ४७० च्या जागी १००० ओहम लावलात तर करंट सात मिलिअँपिअरच्या आसपास येईल, बॅटरी तीच. म्हणून बॅटरीवर "एवढे अँपिअर" असं छापायला काही अर्थच नाही. छापता येते ती क्षमता, मिलिअँपिअर-तासात, चांगल्या ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची ती साधारण ५०० धरा, म्हणजे १५ मिलिअँपिअरने तीसेक तास.

आता एलईडी. रेझिस्टर सरळमार्गी आहे, व्होल्ट दुप्पट तर करंट दुप्पट. एलईडी तसा नाही. दीड व्होल्टपर्यंत तो जवळजवळ काहीच वाहू देत नाही, मग १.८, १.९ करत थोडेसे व्होल्ट वाढले की करंट झपाट्याने चढतो, व्होल्टचा दहावा भाग (०.१) वाढला तरी करंट कितीतरी पट होऊ शकतो. साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीला सलग २० मिलिअँपिअरच्या पुढे नेत नाहीत. त्याला सरळ ९ व्होल्टवर जोडलंत तर अडवायला फक्त बॅटरीचा आतला रोध (करंटला होणारा अडथळा, तोच ओहममधे मोजतात) उरतो, तो काही ओहमच असतो, करंट शेकड्यात जातो आणि एलईडी क्षणात खलास. रेझिस्टर बॅटरी खातोय असं वाटतं खरं, पण करंटची लगाम त्याच्याच हातात आहे.

जंपरवायर
माझाही एक प्रश्न यातच घुसवतो, एकाच रेझिस्टरपुढे दोन एलईडी पॅरललमधे लावले तर चालतं का? एक लाल एक पांढरा लावला तर पांढरा लागतच नाही, एलईडी खराब म्हणून बदलला तरी तेच.

बेंच_सप्लाय
पांढरा ठणठणीत आहे. पॅरललमधे दोघांची टोकं एकाच तारेवर येतात म्हणजे दोघांवर व्होल्ट सारखेच असणार. लाल १.९ ला उघडतो आणि व्होल्ट तिथेच धरून ठेवतो, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, ते त्याला मिळतच नाहीत. लाल काढून बघा, पांढरा लगेच लागेल. दोन लाल एकाच रेझिस्टरवर लावले तरी दोघांमधे बारीकसा फरक असतोच, त्यामुळे एक जास्त करंट ओढतो. पॅरलल लावायचे तर प्रत्येकाला आपापला रेझिस्टर द्या. तेव्हा प्रत्येक फांदीत १५, आणि बॅटरीतून ३०, करंटची बेरीज इथे होते.

आणि "करंट कमी रोधाच्या वाटेनेच जातो" असं जे सर्रास सांगतात ते अर्धवट आहे. दोन रेझिस्टर पॅरललमधे असतील तर दोन्हीतून जातो, १०० ओहममधून जेवढा, त्याच्या दहाव्या भागाएवढा १००० ओहममधून.

तारजोड
पाचात चार भाग रेझिस्टर खातो याचं वाईट वाटलं असेल तर तीन लाल एलईडी एकामागोमाग एका रांगेत लावा. तीन गुणिले १.९ म्हणजे ५.७, रेझिस्टरसाठी ३.४ उरले, १५ मिलिअँपिअरसाठी ३.४ भागिले ०.०१५ म्हणजे साधारण २२७, बाजारात २२० मिळतो तो लावा. करंट जवळपास तोच, बॅटरी तेवढेच तास चालणार, आणि एकाऐवजी तीन एलईडी लागले. जी ऊर्जा उष्णतेत जात होती तिचा बराचसा भाग आता एलईडींकडे वळला.

एक तोटा आहे, तोही सांगतो. बॅटरी उतरत ७ व्होल्टवर आली की या रांगेत रेझिस्टरसाठी १.३च उरतात, करंट सहाच्या आसपास येतो आणि तिन्ही एकदम मंद दिसतात. एकट्या एलईडीच्या सर्किटला ७ व्होल्टवरही ११ च्या जवळपास मिळतो. पांढरे तीन मात्र रांगेत लावू नका, तीन गुणिले तीनमधेच नऊ संपले, रेझिस्टरला काही उरत नाही.

पहिलं_सर्किट
तीन लावून बघितले!! तिन्ही पहिल्याएवढेच उजळ दिसतायत. एक राहिलं, शाळेत प्लसकडून मायनसकडे करंट शिकलो आणि इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात म्हणे, मग मी गणितात कुठली दिशा धरू?

ओहमवाला
प्लसकडून मायनसकडे. फ्रँकलिनच्या काळात प्लस-मायनस ठरलं तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच माहीत नव्हता, तो थॉमसनने १८९७ मधे शोधला, तोवर सगळी सूत्रं आणि चिन्हं बसून गेली होती. उलट दिशेने जाणारा ऋण भार आणि सुलट जाणारा धन भार यांचा हिशोब सर्किटमधे एकच येतो. एलईडीच्या चिन्हातला बाणही प्लसकडून मायनसकडेच असतो.

बेंच_सप्लाय
दोन गोष्टी सुरक्षेच्या. हे सगळे प्रयोग बॅटरीवरच करा. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो त्यामुळे ९ व्होल्ट हाताला कळतही नाहीत, पण घरातल्या लाइनचे व्होल्ट कितीतरी पट आहेत आणि त्वचा ओली असली की रोध खूप खाली येतो. तिथे १५ मिलिअँपिअरसुद्धा स्नायू आखडवायला पुरतो, हात सुटत नाही. तो ब्रेडबोर्ड सॉकेटला जोडायचा नाही म्हणजे नाही.

दुसरं, करंट मोजून झाला की लाल प्रोब अँपिअरच्या भोकात राहू देऊ नका. त्या भोकात मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, आणि तसाच बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघायला टेकवलात तर तो सरळ शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज जातो. आत्ता तीन एलईडीचा करंट बघितला असेल तर पिन लगेच व्होल्टकडे घालून ठेवा.