ब्रिस्केट रात्री किती वाजता चढवू? शनिवारी ७ ला जेवण आहे

पिंपळपान
आम्ही ऑस्टिनजवळ राउंड रॉकला राहतो. शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसातले आणि शेजारचे मिळून बारा जण जेवायला आहेत, पानं ७ ला मांडायची. १३ पौंडांचं अख्खं ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) आणलंय, पेलेट स्मोकर (लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी धुराची भट्टी) आहे. शेजारी म्हणतात, २२५ फॅरनहाइटला पौंडामागे तास ते दीड तास धरा. म्हणजे १३ ते साडेएकोणीस तास! पहाटे लावलं तर पाहुणे ताटकळतील, आदल्या रात्री लावलं तर दुपारीच होऊन गार पडेल. काय करू?

चुलीपाशी
एवढा जीव टांगणीला कशाला? सकाळी ८ ला २७५ वर लावा, आठ-नऊ तासांत होतं.

लॉकहार्टकर
चुलीपाशी, २७५ वर उत्तम होतं, पण ८ ला लावून ५ ला उतरलं तर हाताशी दोनच तास राहतात. मांस अडून बसलं तर तेही गेले.

पिंपळपान, दुपारीच होऊ द्या. तेच हवंय. ७ ला शिजायला हवं असं धरूच नका. १२ ते २ च्या दरम्यान उतरेल असं धरा आणि पुढचा वेळ मुरायला ठेवा. शुक्रवारी रात्री १० ला २२५ वर चढवा. पेलेट स्मोकरला आच खालून लागते, म्हणून चरबीची बाजू खाली. झोपण्याआधी हॉपर (गोळ्यांचा डबा) काठोकाठ भरा. मीठ आणि भरड मिरी, बास. इथल्या जुन्या बार्बेक्यूच्या दुकानांची चव त्यातच आहे, बाकी काम धुराचं.

पहाटे मांसातल्या थर्मामीटरचा काटा १५० ते १७० च्या मध्ये कुठेतरी थांबेल आणि तासन्‌तास हलणार नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, घामाने अंग गार पडतं तसं. हाच तो स्टॉल. आच वाढवायची घाई नको. आधी वरचा थर बघा: गडद, जवळजवळ काळा झाला असेल आणि नखाने खरवडून निघत नसेल, तर बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन कमी झालं की काटा परत चढतो.

गुंडाळल्यावर धूर फारसा आत जात नाही. त्यामुळे सकाळी १० ला मागे पडलोय असं वाटलं तर सरळ घरातल्या ओव्हनमध्ये २७५ वर टाका, चवीत फरक पडणार नाही. २०३ हा आकडा सगळे सांगतात, पण खरी परीक्षा थर्मामीटरच्या सळईची, म्हणजे प्रोबची. फ्लॅटच्या (ब्रिस्केटचा पातळ, कमी चरबीचा भाग) सगळ्यांत जाड भागात प्रोब लोण्यात जावा तसा गेला पाहिजे. कधी १९८ ला जातो, कधी २०७ ला.

पिंपळपान
आणि १२ लाच झालं तर? ७ पर्यंत सात तास!

लॉकहार्टकर
कागद थोडा उघडून आतलं तापमान १८० च्या आसपास येऊ द्या, नाहीतर बंद कूलरमध्ये (बर्फ ठेवायच्या पेटीत) ते शिजतच राहतं. मग परत गुंडाळायचं. कूलरमध्ये आधी उकळतं पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटांनी काढून टाका, जुने टॉवेल भरा, मध्ये ब्रिस्केट. तीन-चार तास आरामात गरम राहतं. सात तासांसाठी मात्र ओव्हनच बरा, १५० वर. तुमचा १७० च्या खाली जात नसेल तर आधी कूलरमध्ये ठेवा आणि शेवटचे दोन-तीन तास ओव्हनमध्ये. प्रोब आतच राहू द्या. १४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्याखाली जंतू वाढतात. या विश्रांतीला मी शिजवण्याइतकाच मान देतो. चिवट फ्लॅटमधला रस इथेच जागेवर बसतो.

ओकची_ढलपी
१३ पौंडांतून कापून-शिजून साडेसहाच्या आसपास हाती येईल. बारा जणांना माणशी अर्धा पौंड, बरोबर बसतंय. पण सोबत बीन्स आणि बटाट्याचं सॅलड हवंच.

पिंपळपान
ठरलं, शुक्रवारी रात्री १०. कापायचं कधी?

लॉकहार्टकर
सगळे पानावर बसल्यावर, आणि लागेल तेवढंच. कापलेलं पाच मिनिटांत सुकायला लागतं. फ्लॅट धाग्यांना आडवा, पेन्सिलीएवढा जाड. पॉइंटचे (दुसरा जाड, चरबीचा भाग) धागे वेगळ्या दिशेला धावतात, तिथे तुकडा काटकोनात फिरवून थोडा जाड कापा. कोणता धागा कुठे जातो ते कच्चं असतानाच बघून फ्लॅटच्या कोपऱ्याला एक छोटी खाच पाडून ठेवा. काळा थर चढला की काही दिसत नाही.