जोजोचा तिसरा अल्बम एवढा का रखडला?

रात्रपाळी: अमेरिकन सिंगर जोजोचा दुसरा अल्बम २००६ ला आला आणि तिसरा थेट २०१६ ला, मधे काय झालं कोणाला माहितीये का?

कॅसेटवाला: लेबलशी म्हणजे रेकॉर्ड कंपनीशी भांडण. १२ वर्षांची असताना ब्लॅकग्राउंड नावाच्या लेबलने साइन केलं, पुढे गाणी रेकॉर्ड होऊन पण अल्बम रिलीजच करेनात आणि करारामुळे दुसरीकडे जाताही येईना, शेवटी २०१३ ला केस टाकली तेव्हा कुठे सुटली आणि अटलांटिक या दुसऱ्या लेबलकडे गेली.

निमा: अन् जुने दोन्ही अल्बम स्ट्रीमिंगवर नव्हतेच! मग २०१८ ला तिने ते परत गाऊन टाकले, टेलर स्विफ्टनेही पुढे आपले जुने अल्बम असेच परत गायले, तिच्या आधी बरं का. मला तरी जुना आवाजच आवडतो.

रात्रपाळी: बापरे, ऐन विशी यातच गेली की पोरीची.

कॅसेटवाला: मधे फुकट मिक्सटेप (अल्बमसारखेच पण अनौपचारिक गाण्यांचे संच) सोडलेल्या तिने, त्या ऐक आधी.