सारखे दिसणारे, पण वेगळ्या घरचे शब्द : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती, धुळे

मी मूळची साताऱ्याची. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक साक्री तालुक्यात झाली, तेव्हा अहिराणीचा एकही शब्द माझ्या कानावरून गेलेला नव्हता. पहिलीच्या वर्गात गोष्टींचा तास चालला होता. दोन दिवस न आलेला एक मुलगा त्या दिवशी आला होता. मी त्याला म्हटलं, "कथा सांग बरं." तो उभा राहिला आणि म्हणाला, "वावरमा."

मला वाटलं, याचं लक्ष नाही. तसं त्याला बोललेही. दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही त्याले इचारं कथा, त्यानी सांगं वावरमा. चुकनं काय त्यानं?" अहिराणीत अथा म्हणजे इकडे, तथा म्हणजे तिकडे आणि कथा म्हणजे कुठे. दोन दिवस कुठे होतास, असं बाई विचारताहेत, असा त्याचा समज झाला होता. खरंच तो बापाबरोबर शेतात होता.

संस्कृतातली कथा 'कथ्' धातूची, सांगण्याशी नातं असलेली. अहिराणीतली कथा प्रश्नाच्या 'क'ची, म्हणजे कोण, केव्हा, कुठे यांच्या भावकीतली. अक्षरं तीच, पण गोत्र निराळं. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. तो आता मोठा झाला असेल. मला मात्र अजून ते "वावरमा" ऐकू येतं.

तुमच्या कानांनी ऐकलेले, तुमच्यावर गुदरलेले असे शब्द इथे लिहा. हिंदी-मराठीतली शिक्षा, राग, चेष्टा ही नेहमीची मंडळी सगळ्यांना पाठ आहेत. त्यापलीकडचं आलं तर जास्त आवडेल.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर्समध्ये बालपण

आमच्या चाळीत देशभरची माणसं होती. शेजारच्या तमिळ मावशी दारात कोणी आलं की हसून म्हणायच्या, "वांग, वांग!" मी पाच-सहा वर्षांची असेन. मला वाटायचं, यांना आमच्या घरचं भरीत फार आवडतं म्हणून त्या वांगं मागताहेत. एकदा आईला न विचारता टोपलीतलं मोठं हिरवं वांगं उचललं आणि नेऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, मला जवळ बसवलं आणि खाऊ दिला.

तमिळमध्ये 'वा' म्हणजे ये आणि आदरानं 'वांग' म्हणजे या. 'वारुंगळ्' बोलण्यात झिजून 'वांग' झालं. भाजीच्या नावांचा प्रवास तर आणखी लांबचा आहे. संस्कृतातलं 'वातिंगण' फारसीत 'बादिंजान' झालं, अरबीतून पोर्तुगिजांकडे गेलं आणि 'ब्रिंजल' होऊन आपल्याकडे परत आलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिल्यांदा त्या मावशींची आठवण झाली.

नंदुरबार, सध्या सुरत

कापड मार्केटमध्ये नोकरीला लागलो तो पहिला दिवस. शेठ म्हणाले, "तमे नवरा छो?" मी खाली मान घालून म्हटलं, "नाही शेठ, अजून लग्न व्हायचंय." गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. आपला नवरा 'नववर' या शब्दातून आलेला. शेठना मराठी येत होतं, म्हणून त्यांना लगेच कळलं. त्यांनी मला समजावून सांगितलं आणि गठ्ठे मोजायला बसवलं.

अमळनेर

अहिराणीत 'ळ' नाही, त्या जागी 'य' येतो. डोळा डोया, फळ फय, काळा काया. संस्कृतातली काया म्हणजे देह, आमचा काया म्हणजे काळा.

आमच्या गावच्या विहिरीचं काम होतं. कोकणातून बदलून आलेल्या तरुण इंजिनिअर साहेबांना आजोबा म्हणाले, "हिरमधला गाय काढना शे." साहेब ताडकन उठले. दोर मागवा, माणसं बोलवा, किती वेळ झाला पडून, असं सगळं एका दमात. आजोबांना कळेचना, गाळ काढायला एवढी धावपळ कशाला!

मला यातली खरी गंमत व्याकरणात दिसते. गाय असती तर आजोबा 'हिरमधली' म्हणाले असते. 'मधला' म्हटलं, म्हणजे शब्द पुल्लिंगी, म्हणजे गाळ. बोलीनं अक्षर बदललं, पण लिंग सांभाळलं. अहिराणीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. ती नियमानं चालते.

चोपडा, बेकरी आमची

थोडक्यात लिहिते. 'पाव द्या' म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला मला रोज विचारावं लागतं : पाव किलो टोस्ट, की पाव? मोजायचा पाव संस्कृत 'पाद'वरून आला, म्हणजे चौथा हिस्सा. भाजलेला पाव पोर्तुगिजांचा.

रावेर

आमच्यापासून बऱ्हाणपूर जवळ. एके काळी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी तीच, आता मध्य प्रदेशात. आईला तिथल्या दवाखान्यात नेलं होतं. आतून आवाज आला, "इनका खून निकालना है." आईनं माझा हात घट्ट धरला. फारसीत खून म्हणजे रक्त. मराठीनं तो शब्द घेतला आणि त्यातलं रक्त सांडून ठेवलं. 'शिकस्त'चंही तेच. फारसीत ती मोडणं, हार. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो.

जळगाव, माहेर सांगली

कथा वाचून डोळे भरले, ताई. माझं लग्न माघात झालं. सासूबाई म्हणाल्या, "आखाजीले माहेरले जाजो." मी आखाजी म्हणजे आखाडी समजले, आषाढातलं काहीतरी. मनाशी महिने मोजले आणि गप्प बसले. वैशाख लागला. गल्लीत झोके बांधले गेले, लेकीबाळी माहेरी यायला लागल्या, गौराईची गाणी सुरू झाली, आणि माझी पिशवीही भरलेली नव्हती.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. तिच्यातला 'ख' अक्षयच्या 'क्ष'चा. आखाडातला 'ख' आषाढाच्या 'ष'चा, भाषेची भाखा होते तसा. इतक्या वर्षांनी हे नीट मांडता येतंय. तेव्हा फक्त रडू येत होतं. सासूबाईंनी विचारलं, "काय झाये?" मी सांगितलं. त्यांनी चुलीवरचं खापर उतरवलं, धाकट्या दिरांना एसटीचं तिकीट काढायला पाठवलं आणि निघताना डब्यात मांडे बांधून दिले. रात्रीच्या गाडीनं मी सांगलीला पोचले, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी.