मदत हवी आहे: बाबांच्या महाधमनीचं ऑपरेशन, 'फ्यूजन'वाली ओटी खरंच लागते का?

नमस्कार मंडळी,

बाबा ७३ वर्षांचे. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली आणि निघालं भलतंच. पोटातली महाधमनी फुगलीय, ५.८ सेंमी. दुखणं-खुपणं काही नाही, रोज भाजी आणायला जातात. सर्जन म्हणाले, पुरुषांत ५.५च्या पुढे गेलं की सहसा थांबत नाहीत. पोट न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) घालू.

गोची अशी की बाबांचं क्रिएटिनिन १.८ आहे, म्हणजे मूत्रपिंडं थोडी कमजोर. एक्स-रेत धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात तो डाय मूत्रपिंडाला त्रास देतो, जितका कमी जाईल तितकं बरं. म्हणून सर्जननीच दुसरीकडची हायब्रीड ओटी (मोठं एक्स-रे मशीन बसवलेलं ऑपरेशन थिएटर) सुचवली. तिथे आधीच्या सीटी अँजिओवरून (धमन्यांच्या सीटी स्कॅनवरून) केलेला थ्रीडी नकाशा चालू एक्स-रेच्या पडद्यावर चढवतात, यालाच 'फ्यूजन' म्हणतात. त्यामुळे धमनी कुठेय हे बघायला सारखा डाय सोडावा लागत नाही. खर्च बराच जास्त.

मी जमीन मोजणीत आहे. जुना गट नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवला की बांध सरकतोच, हे रोज बघतो. तिथे फार तर भावकीत भांडण लागतं. इथे ग्राफ्टचं वरचं तोंड मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या अगदी खाली बसवायचंय. सरकलं तर? कुणाला अनुभव आहे का?

*

कॅथलॅबवाला:
दादा, शंका रास्त आहे. नकाशा बहुतेकदा मणक्यांच्या खुणांवर जुळवतात, पण धमनी काही मणक्याला चिकटवलेली नसते. आत कडक वायर गेली की वाकड्या धमन्या सरळ होतात, जागा बदलते. श्वासानेही मूत्रपिंडाच्या धमन्या हलतात. म्हणून ग्राफ्ट उघडण्याआधी श्वास रोखून थोडासा डाय देऊन खात्री करतात आणि नकाशा सरकवून घेतात. नुसत्या नकाशावर भरवसा ठेवून कुणी ग्राफ्ट सोडत नाही. फायदा कुठे? सी-आर्म (एक्स-रे मशीनचा फिरता हात) कोणत्या कोनात ठेवायचा, वायर कुठे न्यायची, हे शोधण्यात जाणारा डाय आणि एक्स-रे वाचतो.

क्रिएटिनिन १.८ असेल तर कार्बन डायऑक्साइडचंही विचारा. पोटातल्या धमन्यांत डायऐवजी तो वायू वापरता येतो, मूत्रपिंडाला त्रास नाही. छातीकडे मात्र वापरत नाहीत, मेंदूत जायची भीती असते. आणि ओटीच्या आधी हे विचारा की अशा किती केसेस त्या टीमने केल्यात. मशीन कुणालाही विकत घेता येतं.

*

धागाकर्ता:
खूप आभार. भाच्याने मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स चष्म्याचा व्हिडिओ पाठवलाय, चष्म्यातून धमन्या दिसतात म्हणे. ते कुठे करतात?

*

कॅथलॅबवाला:
लंडनच्या सेंट मेरीजमध्ये पायाच्या जखमा झाकायच्या ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या शोधायला वापरला होता, २०१८ मध्ये छापून आलंय. पण तिथे वाहिनी कातडीजवळ आणि पाय जागचा हलत नाही. पोटाचं गणित वेगळं. शिवाय मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये तो चष्मा बनवणंच थांबवलं. त्याच्या मागे लागू नका.

*

धागाकर्ता:
बरं. सोमवारी जातोय. सीटी सेंटरने नुसत्या फिल्म दिल्या होत्या, बारीक १ मिमीच्या कापांची सीडी मागून घेतलीय. बाबांचा एकच प्रश्न आहे, भाजी आणायला कधीपासून जाता येईल?