आरपीमध्ये (रोलप्ले, म्हणजे एखादं कॅरेक्टर बनून खेळणं) मेटागेमिंग, म्हणजे कॅरेक्टरला माहीत नसलेली बाहेरची माहिती गेममध्ये वापरणं, कसं टाळता?

आम्ही सहा जण, सगळे दादर-परळचे, रात्री फाइव्हएमवर (जीटीए ५ हा गेम वेगळ्या सर्व्हरवर एकत्र खेळायची सोय) जीटीए आरपी खेळतो. काल माझ्या कॅरेक्टरने गोदामात माल लपवला, गेममध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त डिस्कॉर्डवर (गेमबाहेरचं कॉलचं अ‍ॅप) बोलता बोलता तोंडून निघून गेलं आणि दहा मिनिटांत पोलीस झालेला मित्र थेट त्याच शटरसमोर हजर. अख्ख्या सीनची वाट लागली. भांडण न करता हे कसं थांबवायचं?

> खेळताना डिस्कॉर्ड कॉल बंदच ठेवा. गेममधला आवाज वापरा, तो जवळ उभा असेल त्यालाच ऐकू जातो, लांबच्याला सांगायचं तर गेममधला फोन नाहीतर रेडिओ. आणि गेममध्ये ओळख झाल्याशिवाय नावाने हाक नाही मारायची.

> मी दर वेळी एकच बघतो, हे माझ्या कॅरेक्टरला कळलं कुठून? उत्तर नसेल तर गाडी तिकडे वळवतच नाही. मेल्यावर परत उठलो की मारणारा कोण तेही विसरायचं, बऱ्याच सर्व्हरवर हा न्यू लाइफ रूल असतोच. मित्राची स्ट्रीम (त्याच्या खेळाचं लाइव्ह प्रक्षेपण) बाजूला चालू ठेवणं तर अजिबात नको.

> थँक्स. आज वडापाव खाताना बोललो त्याच्याशी, मुद्दाम नव्हतं केलं रे म्हणाला. आजपासून कॉल बंद, रेडिओच.